री ओढणारांचा कैवार

मराठी भाषेने एकत्र गाणाऱ्या माणसांवर फार जुना अन्याय केलेला आहे. एखादा मनुष्य स्वतःची अक्कल न चालविता दुसऱ्याच्या म्हणण्यात म्हणणे मिळवू लागला, की त्याने ‘री ओढली’ असे आपण म्हणतो. धन्याच्या प्रत्येक शब्दास मान डोलविणाऱ्यास ‘झील धरणारा’ म्हणून हिणवितो. हे दोन्ही शब्दप्रयोग गाण्यातून आलेले आहेत. शाहिराच्या पाठीमागे उभा राहून कवनाचे पालुपद उचलणारा तो झीलकरी. पुढच्याचा चरण संपताच तोच सूर धरून लांबविणारा तो री ओढणारा. मुख्य गायकास दम घेण्यास अवकाश मिळतो तो ह्याच्या जिवावर, आणि बिदागी वाटताना सर्वांच्या शेवटी आठवण होते तीही ह्याचीच. भाषा ही समाजाची साक्षीदार असते असे म्हणतात. ह्या खटल्यात तिने खोटी साक्ष दिली आहे, असे आमचे म्हणणे आहे.

त्या साक्षीचा फटका झीलकऱ्यापेक्षाही अधिक बसला आहे तो निराळ्याच एका माणसास. शंभर सामान्य गळे जमवून त्यांस एका सुरात आणि एका लयीत आणणारा जो शिक्षक, त्याला आपल्या संगीताच्या इतिहासात जागाच नाही. सुशिक्षित घरांतून त्याच्याविषयी एक ठरलेले मत ऐकू येते: ज्याचे मैफलीत जमले नाही तो शाळेत गाणे शिकवितो. हे मत इतके रूढ आहे की ते उच्चारताना कोणी आवाजही खाली आणीत नाही. खुद्द गाण्याचे मास्तर समोर बसले असले तरी आणीत नाही. आम्ही ह्या मताचे उघड विरोधक आहो.

हा वाद पुण्यामुंबईच्या दिवाणखान्यांतून हवा तितका वेळ घालता येईल. परंतु तेथे त्याचा निकाल लागण्यासारखा नाही. म्हणून वाचकांनी आमच्याबरोबर बुलढाणा जिल्ह्यात, मोताळा तालुक्यातील धामणगाव बढे येथे यावे. धामणगाव म्हटले की पुष्कळांस अमरावती जिल्ह्यातील रेल्वेचे धामणगाव आठवते. ते हे नव्हे. येथे रेल्वेही नाही, आणि मोठमोठे गवई ज्या गावांची नावे वहीत टिपून ठेवितात त्यांतलेही हे गाव नव्हे. तथापि कार्तिकातला काकडा, सायंकाळचा हरिपाठ आणि वर्षाकाठी येणारा अखंड हरिनामाचा सप्ताह ही वऱ्हाडातील अशा गावांची संगीतशाळा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. त्या शाळेत कोणी गंडा बांधीत नाही. आठदहा वर्षांचा पोर टाळ घेऊन शेवटल्या ओळीत उभा राहतो. प्रथम त्याचा टाळ चुकतो, मग तोंड उघडते, मग केव्हातरी पुढचा चरण कोठे उचलावयाचा हे त्याला कोणी न सांगता कळते. मध्ये वीणा घेतलेला विणेकरी, बाजूस मृदंगी, समोरासमोर टाळकऱ्यांच्या दोन ओळी. एका ओळीने चरण म्हणावा, दुसरीने धृपद धरावे. समूहगायनाची एवढी बांधीव पद्धती ज्या प्रांतात शेतकऱ्याच्या घरी जन्मास येते, त्या प्रांतातील शिकलेल्या लोकांनी समूहगायन म्हणजे काहीतरी परकी किंवा पोरकट गोष्ट आहे असे समजावे, ह्याचे आम्हांस नवल वाटते.

विदर्भाच्या वाचकांस तर ह्याहून जवळचे उदाहरण आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) एका खंजिरीवर हजारो लोकांस गावयास लाविले, आणि मोझरीच्या गुरुकुंजातून सामुदायिक प्रार्थनेची प्रथा गावोगाव नेली. त्यांच्या चरित्रात लोक त्यांचे उपदेश वाचतात, ग्रामगीता वाचतात; परंतु एवढ्या मोठ्या जमावाला ठेक्यावर कसे ठेविले, ही विद्या काय होती, ह्याची चौकशी सहसा कोणी करीत नाही.

आता आमच्या मुख्य साक्षीदाराकडे वळू. त्यांचे नाव पंडित नारायण मोरेश्वर खरे. जन्म १८८९ चा, तासगावकडचे. गुरू विष्णु दिगंबर पलुस्कर. ह्या गुरूविषयी थोडे सांगितल्यावाचून शिष्य समजणार नाही. विष्णुबुवांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले ते राजाच्या देणगीवर किंवा एका घराण्याच्या कीर्तीसाठी नव्हे. गाणे चारचौघांच्या घरी न्यावयाचे, आणि त्यासाठी शिकविणारी माणसे तयार करावयाची, हा त्यांचा हेतू होता. म्हणून त्यांनी उपदेशकवर्ग चालविला. बाहेर पडून गावोगाव संगीत शिकविणे हे त्या वर्गातील विद्यार्थ्यांचे कर्तव्यच ठरलेले असे. मुंबईस त्यांनी मोठी इमारत उभारली. ती १९२४ च्या सुमारास कर्जापायी गेली. पुढे ते रामनामाकडे वळले आणि १९३१ साली मिरजेस वारले. त्यांच्या शिष्यांची नावे विचारा: ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास ही कोणीही घडाघडा सांगेल. ही नावे थोर आहेत; त्यांपैकी एकासही कमी लेखण्याची आमची इच्छा नाही. पण ज्या एका शिष्याने गुरूचा हेतू शब्दशः खरा केला, त्याचे नाव ह्या यादीत बहुधा ‘इत्यादी’ ह्या शब्दाच्या पोटात असते.

गांधीजींना साबरमतीच्या आश्रमासाठी संगीतशिक्षक हवा होता. त्यांनी विष्णुबुवांकडे मागणी केली आणि बुवांनी खऱ्यांस पाठविले. १९१८ साली ते आश्रमात आले आणि पुढील वीस वर्षांत ‘पंडितजी’ ह्याच नावाने तेथल्या सर्वांस परिचित झाले. आश्रमातील वर्ग कसा होता हे लक्षात घ्यावे. गळा पाहून कोणासही आश्रमात घेतलेले नव्हते. गुजराती, मराठी, हिंदी, तामीळ बोलणारी, सूत कातणारी, विणणारी, पाखाने साफ करणारी, वयाने सहापासून साठीपर्यंतची बायकामाणसे पहाटे आणि सायंकाळी प्रार्थनेस बसत. त्यांत कित्येकांस जन्मात सूर लागला नसेल. ह्या मंडळीकडून गीतेतील स्थितप्रज्ञाचे श्लोक, मराठी अभंग, हिंदी व गुजराती पदे रोज दोन वेळा, एकही दिवस खंड न पडता, म्हणवून घ्यावयाची हे पंडितजींचे काम. मैफलीच्या गवयाला आवाज बसला तर तारीख पुढे ढकलता येते. उद्याची पहाट पुढे ढकलता येत नाही.

ह्या रोजच्या कामातून ‘आश्रम भजनावली’ जन्मास आली. तिचे संकलन पंडितजींचे. तीत मराठी संतांस जी जागा मिळाली आहे, ती पाहिली म्हणजे वाटते की मराठी पदे गुजरातच्या तोंडी बसविण्यात ह्या एका माणसाचा केवढा वाटा आहे! अहमदाबादेत राष्ट्रीय संगीत मंडळाच्या द्वारे त्यांनी शहरातील मुलांस व प्रौढांस गाणे शिकविले. गुजरात विद्यापीठाशीही त्यांचा संबंध होता. आमचे काका कालेलकर गुजरातेत गेले आणि ‘सवाई गुजराती’ ठरले. त्यांचे निदान ग्रंथ तरी मराठीत आले. पंडितजींचे काम हवेतच विरणारे होते. शंभर माणसे नीट गायली, उठून कामास गेली. मागे काय राहिले? ज्यांनी गायले त्यांच्या कानांत राहिले तेवढेच.

१९३० च्या आरंभी आश्रमात देवीची साथ शिरली आणि तीत आश्रमातली मुले दगावली. त्यांत पंडितजींचाही मुलगा होता. देवी टोचण्याविषयी आश्रमाच्या चालकांचे जे मत होते ते आम्हांस तेव्हाही पटण्यासारखे नव्हते आणि आजही पटत नाही. ह्या लेखात त्याची चर्चा करीत नाही, पण भक्तिभावाने त्यावर पांघरूण घालणेही आम्हांस जमणार नाही. थोड्याच आठवड्यांनी, १२ मार्चला, दांडीकडे जी पहिली तुकडी निघाली तीत हा बाप होता. चोवीस दिवस, सुमारे दोनशे चाळीस मैल. मुक्कामाच्या प्रत्येक गावी प्रार्थना व्हावयाची, आणि आता समोर आश्रमाची सराव झालेली मंडळी नसून त्या त्या गावचा अनोळखी जमाव असावयाचा. मिठाच्या सत्याग्रहाची वर्णने आपण पुष्कळ वाचली. ह्या जमावांस स्वर देणारा माणूस तासगावचा होता ही गोष्ट किती मराठी घरांस माहीत आहे?

१९३८ च्या फेब्रुवारीत हरिपुरा येथे काँग्रेसचे अधिवेशन भरावयाचे होते. तेथे आधी गेले असता पंडितजी अधिवेशनापूर्वीच वारले. वय पन्नाशीच्या आत.

ह्यावर कलावंत पक्षाचा जो आक्षेप येतो तो आम्ही लपवून ठेवीत नाही. उलट त्याच्या सर्वांत बळकट स्वरूपात मांडतो. आक्षेप असा: खरे ह्यांस विष्णुबुवांची उत्तम तालीम मिळाली होती, ती त्यांनी रामधून म्हणवून घेण्यात खर्च केली. रागाचा विस्तार, लयीशी खेळ, एका स्वरावर तास तास चिंतन, हे आपल्या संगीताचे वैभव. ते एकट्याच्याच गळ्यात नांदू शकते. शंभर जणांस एकदम गावयास लाविले की राग सडपातळ होतो, तान नाहीशी होते, उरते ती चाल. तेव्हा समूहगायन हे फार तर समाजकार्य आहे. त्याला कला म्हणू नये.

ह्यातील अर्धी गोष्ट आम्ही मान्य करितो. समूहात तान जाते, रागाचा विस्तार जातो. परंतु कला म्हणजे तान एवढाच अर्थ असेल, तर मग भिंत बांधणाऱ्यास कारागीर म्हणू नये, कारण त्याने मूर्ती घडविली नाही! शंभर गळ्यांची कला निराळी आहे आणि ती अवघड आहे. ज्यांनी ती कधी केलेली नाही त्यांच्यासाठी थोडा तपशील देतो. पहिली अडचण पट्टीची. पुरुषांची पट्टी काळी एक-दोनच्या आसपास, बायकांची काळी चार-पाचच्या. दोघांस एकत्र गावयाचे तर असा षड्ज शोधावा लागतो की ज्यात पुरुष वर ओरडणार नाहीत आणि बायका खाली पुटपुटणार नाहीत, आणि चालही अशी बांधावी लागते की ती सप्तकाच्या फारशी बाहेर जाणार नाही. दुसरी गोष्ट: वाद्याचा आधार काढला की मोठा समूह नकळत उतरत जातो, आणि ठेका हाती दिला की नकळत धावू लागतो. म्हणजे शिक्षकाने एका हाताने सूर वर धरावयाचा आणि दुसऱ्याने लय मागे खेचावयाची. तिसरी गोष्ट श्वासाची. सर्वांनी एकाच ठिकाणी दम घेतला तर ओळीला भोक पडते. म्हणून कोणी कोठे दम घ्यावा हे वाटून द्यावे लागते. वर्गात एखादा मुलगा असा असतोच की जो सर्वांत मोठ्याने आणि सर्वांत बेसूर गातो. त्याला गप्प बसविणे अगदी सोपे असते; त्याला न दुखविता दोन सुरेल मुलांच्या मध्ये उभे करून महिनाभरात सुरात आणणे, ही विद्या. बारा-तेरा वर्षांच्या मुलाचा आवाज फुटू लागला म्हणजे तो लाजेने गाणेच सोडून देतो; त्या वर्षा-दोन वर्षांत त्याला टाळ, ढोलकी, काहीतरी देऊन ओळीत टिकवून धरणारा मास्तर भेटला नाही, तर तो जन्मभर ‘मला गाता येत नाही’ असे सांगत फिरतो. आमच्या वाचकांत असे गृहस्थ किती असतील!

आणि ह्या सर्वांत अवघड गोष्ट ही की शिक्षकाने आपला गळा विसरावयाचा. ज्याला स्वतः उत्तम गाता येते त्याला हे किती जड जात असेल ह्याची कल्पना गाणाऱ्यांसच येईल. समूह नीट गाऊ लागला म्हणजे त्याचा आवाज ऐकू येईनासा होतो. खऱ्यांनी ही गोष्ट वीस वर्षे केली. त्यास जे लोक शक्तीचा अपव्यय म्हणतात, त्यांस आम्ही एवढेच विचारतो की, आपल्या मैफलीस जो श्रोता येतो तो कोठून येतो? ज्याने लहानपणी चार मुलांत उभे राहून षड्ज धरला नाही, त्याला तुमच्या पंचमाची गोडी कशाने कळावी?

खुद्द गांधीजींना ह्या विद्येची गरज भक्तीपायी जेवढी वाटली तेवढीच गर्दीपायी वाटली होती. १९२० साली सभांतील आरडाओरडा आणि रेटारेटी पाहून त्यांनी ‘यंग इंडिया’त लिहिले, त्याचा आशय असा की स्वयंसेवकांस एकत्र राष्ट्रगीते म्हणण्याचे शिक्षण सक्तीचे करावे, आणि त्यासाठी मोठ्या संगीतज्ञांनी प्रत्येक काँग्रेसला हजर राहून लोकांस समूहगान शिकवावे. घोषणा देणारा जमाव आणि गाणारा जमाव ह्यांत फरक आहे. घोषणा देताना शेजाऱ्याचे ऐकावे लागत नाही.

येथे एक कबुली देणे न्यायाचे होईल. एकत्र गायल्याने माणसे आपोआप एक होत नाहीत. पंढरीच्या वाटेवर एका अभंगात गळा मिळविणारे सर्व लोक देवळाच्या दारापर्यंतच एका ओळीत असत. दाराच्या आत ती ओळ तुटत असे, आणि ती सांधण्यासाठी १९४७ साली साने गुरुजींस प्राण पणास लावावे लागले. समूहगायनाचे जे भाबडे स्तोत्रकार आहेत, त्यांनी ही गोष्ट विसरू नये. गाणे हे न्यायाचा पर्याय नव्हे.

पण आजचा खरा शत्रू कलावंत पक्ष नाही, आणि भाबडा पक्षही नाही. तो आहे ध्वनिवर्धक. धामणगाव बढ्यासारख्या गावी आता हरिपाठ ऐकू येण्यास टाळकरी जमण्याची जरूर उरलेली नाही. एखाद्या नामांकित कीर्तनकाराचा हरिपाठ चिमुकल्या पेन ड्राइव्हमध्ये असतो, कळ दाबली की देवळाच्या कळसावरून गावभर पसरतो. तो सुरेल असतो, शुद्ध असतो, कोठेही टाळ चुकत नाही. शेवटल्या ओळीतल्या त्या आठ वर्षांच्या पोराला मात्र त्यात उभे राहण्यास जागा नसते. आम्हांस यंत्राचा द्वेष नाही. गाणे ऐकण्यासाठी यंत्रासारखा मित्र नाही. परंतु पोहणाऱ्याची चित्रफीत पाहून पोहता येत नाही, हे ज्या पालकांस समजते त्यांस गाण्याच्या बाबतीत तेच का समजू नये?

शाळेची गोष्टही हीच. १९ फेब्रुवारी २०२३ पासून राजा बढे ह्यांचे ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे महाराष्ट्राचे राज्यगीत झाले. (कवीचे आडनाव आणि आमच्या गावाचे उपपद एकच, हा योगायोग आहे, त्यावर कोणी इतिहास रचू नये.) शाळांतून राष्ट्रगीत व प्रार्थनेबरोबर ते रोज म्हणावे किंवा वाजवावे असे ठरले. ह्या ‘किंवा’ मध्येच सगळे आले. गीत ठरले, दिवस ठरला. शिकविणारा ठरला नाही. श्रीनिवास खळ्यांनी बांधलेली आणि शाहीर साबळ्यांच्या गळ्यातून आलेली ती चाल ऐकावयास सोपी वाटते. पन्नास मुलांकडून ती एका दमात, न ओरडता म्हणवून पाहावी म्हणजे कळेल. तेव्हा बहुतेक ठिकाणी काय होते हे सांगावयास नको. कर्णा लागतो, मुले ओठ हलवितात.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत, सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक मुले असतील तेथे कलाशिक्षणासाठी अंशकालीन शिक्षक असावा असे लिहिलेले आहे. पण ‘कला’ म्हणजे चित्रकला, हा अर्थ आपल्याकडे इतका मुरलेला आहे की कलाशिक्षक म्हटल्यावर गाण्याचा मास्तर कोणाच्या डोळ्यांपुढे येतच नाही. चित्रकलेचा हेवा आम्ही करीत नाही. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांनी खेड्यांतील हजारो मुलांस रंगाची डबी हाती दिली हे उपकार आहेत. गाण्याच्या परीक्षा मात्र पाहा. विष्णुबुवांच्या शिष्यांनी १९३१ साली स्थापिलेल्या गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून अलंकारपर्यंत चढत जातात, त्यांनी घराघरांत संगीत नेले हे निर्विवाद. तथापि त्या प्रत्येक पायरीवर विद्यार्थी परीक्षकापुढे एकटाच बसतो. दहा मुलांस एक प्रार्थना नीट शिकवून त्यांच्याकडून म्हणवून दाखव, असा प्रश्न विशारदाच्या परीक्षार्थ्यास टाकिला तर? ज्या गुरूने उपदेशकवर्ग काढला त्याच्या नावाने चाललेल्या परीक्षेत हा प्रश्न शोभणार नाही काय?

सुशिक्षित कुटुंबांकडेही आमचे मागणे आहे. आपण मुलांस गाण्याच्या शिकवणीस घालता ते दूरचित्रवाणीवरील स्पर्धांकडे डोळा ठेवून. तेथे एक मूल निवडले जाते आणि बाकीची रडत घरी जातात. ते रडणेही दाखविले जाते. ज्या गाण्यात कोणीच गळत नाही असे गाणे मुलास आठवड्यातून एकदा तरी मिळते की नाही, हे पाहावे. शहरात ते अवघड असेल. खेड्यात अजून अवघड नाही. हरिपाठाचे टाळ देवळात टांगलेले आहेत, मृदंगाला शाई लावणारा हात कोठे कोठे शिल्लक आहे, आणि सेवानिवृत्त झालेला एखादा पेटी वाजविणारा गुरुजी शोधल्यास सापडतो. पाच-सहा गावांच्या शाळांनी मिळून असा एक माणूस धरावा, त्याला येण्याजाण्याचा खर्च आणि मानाने देता येईल एवढे मानधन द्यावे, आठवड्यातला एकेक दिवस त्याने एकेका शाळेस द्यावा. पहिले वर्षभर त्याच्याकडून स्नेहसंमेलनाची बसवणूक करून घेऊ नये, बक्षिसाची ढाल मागू नये. दोन प्रार्थना, एक राज्यगीत आणि चार अभंग सर्व मुलांस, गळा न निवडता, ध्वनिवर्धकाशिवाय म्हणता आले म्हणजे पुरे. पेटी घेण्यास पैसे नाहीत ही सबब आम्ही ऐकणार नाही. अनेक जुन्या शाळांत ती कधीकाळी घेतलेली असते. नकाशे आणि फुटके भिंग ह्यांच्यामागे, कपाटाच्या खालच्या खणात, भात्याला उंदराने एखादे भोक पाडलेल्या स्थितीत ती असते. त्या कपाटाची किल्ली कोणापाशी आहे, एवढा तपास मुख्याध्यापकांनी ह्याच आठवड्यात करावा.